पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर ठेवली आणि मेल अडकले

प्रश्न : सर, ऑफिसात पीसी आणि घरी लॅपटॉप. मेल दोन्हीकडे सारखे दिसावेत म्हणून आउटलुकची पीएसटी फाइल (आउटलुक सगळे मेल जिच्यात साठवतं ती) ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणाऱ्या सामायिक डिस्कवर ठेवली, तर आउटलुक सारखं अडकतंय, परवा तर फाइल उघडेचना. काय करू?

उत्तर : आधी ती पीएसटी तिथून काढा, आजच. आउटलुक बंद करा, फाइल लोकल डिस्कवर आणा, एक जादा कॉपी बाजूला ठेवा आणि मगच स्कॅनपीएसटी (आउटलुकसोबत येणारं पीएसटी दुरुस्त करायचं टूल) चालवा, कारण ते दुरुस्ती मूळ फाइलमध्येच करतं. नेटवर्कवरून पीएसटी वापरायला मायक्रोसॉफ्टचाच सपोर्ट नाहीये, लिहिता लिहिता कनेक्शन जरा तुटलं की फाइल खराब होऊ शकते, आणि एका वेळी दोन कॉम्प्युटरवर ती उघडत पण नाही. खरा इलाज म्हणजे अकाउंट पॉपवरून (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) आयमॅपवर (मेल सर्व्हरवर ठेवूनच वाचायची पद्धत) घ्या, मग मेल सर्व्हरवरच राहतात आणि ऑफिसात वाचलेला मेल घरी पण वाचलेलाच दिसतो. जुने मेल थोडे थोडे करून आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढा, मेलबॉक्समधली जागा आधी बघून घ्या.

एक्सेल, वर्डच्या फाइलींना मात्र नेटवर्क ड्राइव्ह चालतो. लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर ऑफलाइन फाइल्स चालू करा, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइलींची कॉपी लॅपटॉपवर पण राहते, फक्त एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर सिंक सेंटर (दोन्हीकडच्या कॉपी जुळवणारी विंडोजची सोय) कुठली ठेवू विचारतं, तिथे घाईत ओके दाबू नका, तारीख आणि वेळ नीट बघा.