दुबईत कामगार नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर द्यायची की बेसिकवर (मूळ पगारावर)?

बेसिकवरच. घरभाडे, प्रवासभत्ता त्यात धरत नाहीत. पहिल्या ५ वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. नोकरी वर्षभर तरी झालेली हवी. बेसिक ३,००० दिरहम आणि सेवा ६ वर्षे असेल, तर पहिल्या ५ वर्षांचे १०,५०० अधिक सहाव्या वर्षाचे ३,००० म्हणजे १३,५०० दिरहम. एका दिवसाचा पगार काढताना भारतातला २६ दिवसांचा भागाकार तिथे लावू नका, महिना ३० दिवसांचाच.

राजीनामा दिला म्हणून रक्कम कापायची जुनी पद्धत २०२२ च्या फेब्रुवारीत नवा कायदा लागू झाल्यापासून बंद आहे. हिशेब नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत चुकता करा. डीआयएफसीत (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर या स्वतंत्र वित्तीय क्षेत्रात) कंपनी असेल तर मात्र नियम वेगळे.