लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडला समीक्षकांनी सुरुवातीला खरंच झोडपलं होतं का?

हो, आणि चांगलंच. १९६९ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाने त्याची पार सालटी काढली. गाणी कमकुवत, गायक रॉबर्ट प्लांटचं गाणं म्हणजे आरडाओरडा, असा एकूण सूर. त्याच मासिकाने २००३ च्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत तोच अल्बम २९ व्या क्रमांकावर बसवला! मधल्या काळात अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. माझ्या मते बदलली ती समीक्षकांची पिढी: झेपेलिन ऐकत वाढलेली पोरं लिहायला लागली.

सगळेच आक्षेप खोटे मात्र नव्हते. जुन्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) कलावंतांची गाणी श्रेय न देता वापरल्याचा आरोप रास्तच होता. पुढे काही गाण्यांवर त्यांची नावं घालावी लागली.

मुंबईकरांसाठी एक गंमत. १९७२ मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट इथे आले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ मध्ये. त्यातला तबला जरूर ऐका, हेडफोन लावून.