वसंतराव देशपांडे यांना नट म्हणावं की गवई? हौशी रंगभूमीवर गाणाऱ्याने त्यांच्याकडून नेमकं काय उचलावं?

तुम्ही लिहिलंय की हौशी संस्थेत चरित्र भूमिका (नायकाखेरीजच्या ठसठशीत भूमिका) करता, पेटी वाजवता, थोडंफार गाता. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातला खाँसाहेबांचा एक प्रवेश पदासकट, म्हणजे त्यातल्या गाण्यासकट, बसवायचा आहे आणि तालमीत वाद पेटलाय की वसंतराव मुळात गवई होते, त्यामुळे अभिनयासाठी त्यांचा अभ्यास करण्यात अर्थ नाही. मला हे पटत नाही.

आधी भूमिका बघा. खाँसाहेब आफताब हुसेन हा नाटकाचा नायक नाही. शिकायला आसुसलेला तरुण सदाशिव आहे, सोज्वळ पंडितजी आहेत, आणि त्यांच्यासमोर हा हट्टी, दुखावलेला, विद्येचा गर्व असलेला प्रौढ उस्ताद उभा आहे. ही शंभर टक्के चरित्र नटाची भूमिका आहे. तिचा राग, अपमान, मुलीवरचं प्रेम, दुसऱ्याच्या सुराबद्दल मनात लपवलेला आदर यातला निम्मा ऐवज संवादांत आहे आणि निम्मा पदांत. पदं काढून टाकली तर माणूस अर्धाच उरतो. वसंतरावांनी ती पदं बोलण्याच्या ओघात गायली. पद सुरू झालं म्हणून खाँसाहेब थांबले आणि वसंतराव गायला बसले असं होत नाही. अभिनय म्हणून अभ्यासायची गोष्ट हीच आहे.

आता त्यांचा प्रवास, कारण ही ताकद कुठून आली ते त्यातच आहे. जन्म 2 मे 1920, मूर्तिजापूर. आई राधाबाई त्यांना घेऊन नागपूरला आल्या आणि त्यांनी एकटीने मुलाला वाढवलं. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे पहिली तालीम झाली. 1935 साली भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये ते कृष्ण झाले, म्हणजे अभिनय हा त्यांचा उतारवयातला छंद नव्हता. पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे मारवा या एकाच रागाची तालीम मिळाली. त्याशिवाय किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी घेतलं. आणि या सगळ्यांवर छाया दीनानाथ मंगेशकरांची. दीनानाथांची अचानक झेपावणारी तान आणि पदातला तडफदारपणा वसंतरावांच्या गळ्यात शेवटपर्यंत होता.

हे सगळं चालू असताना पोटासाठी नोकरी होती ती लष्कराच्या हिशेब खात्यात, दोन दशकांहून जास्त काळ. मध्ये नेफापर्यंत (आजचा अरुणाचल प्रदेश) बदली झाली. हौशी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. दिवसभर आकडेमोड आणि उरलेल्या वेळात गाणं, नाटक, सिनेमातलं एखादं पद, असं ते चाललं होतं. 1953 च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये आशा भोसल्यांबरोबरचं ‘ही कुणी छेडिली तार’ याच काळातलं. पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र त्यांच्या गाण्यावर जीव टाकत होते, तरी पूर्णवेळ कलाकार व्हायला साठचं दशक अर्धं उलटावं लागलं. ‘कट्यार’चा पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967 ला झाला तेव्हा वसंतराव 47 वर्षांचे होते. 30 जुलै 1983 ला ते पुण्यात गेले. म्हणजे ज्या कीर्तीमुळे आपण आज त्यांना ओळखतो, तिच्यासाठी त्यांच्या हाती जेमतेम पंधरा-सोळा वर्षं आली. 1982 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही अगदी अखेरीला मिळाला.

‘उशिरा नशीब उघडलं’ असं याचं वर्णन अनेकजण करतात. मला ते वरवरचं वाटतं. मैफलीत त्या काळी गवयाला पहिला प्रश्न घराण्याचा असे. चार-पाच ठिकाणी शिकलेला माणूस तिथे संशयाने पाहिला जाई. नाटकात नेमकं उलट घडतं. एकाच रात्री उर्मटपणा, वात्सल्य, पश्चात्ताप आणि विद्वत्ता गळ्यातून दाखवायची असेल तर एकाच वळणाचा गळा कमी पडतो. मारव्यातली अस्वस्थता, अमान अलींच्या सरगमेचा हिशेब, दीनानाथांचा आवेश, ठुमरीची लाडिक मुरकी हे सगळं ज्याच्याजवळ तयार आहे, त्यालाच खाँसाहेब साकारता येतो. ‘कट्यार’चे संगीतकार जितेंद्र अभिषेकी स्वतः अनेक गुरूंकडे शिकलेले होते, त्यामुळे हा गळा कुठे कसा वापरायचा हे त्यांना नेमकं कळलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदा या संस्थेची. योग्य माणसं एका ठिकाणी आली हे खरं, पण सामान आधीच भरलेलं होतं.

ऐकायला सुरुवात करताना लोक थेट तानांवर जातात. तसं करू नका. आधी ‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. जिंकलेला माणूस दुसऱ्याच्या वास्तूत पाऊल टाकतो आणि तिथलं जुनं गाणं हाकलून देतो, असा हा प्रसंग आहे. आवाजात विजय आहे, पण त्याच्या तळाशी इतक्या वर्षांचा सल आहे. कोणता शब्द ते दाबून टाकतात आणि कोणता मोकळा सोडतात, ते कागदावर खुणा करून घ्या. मग ‘तेजोनिधी लोहगोल’ ऐका. इथे खाँसाहेब कुणाशी भांडत नाहीत, सूर्याच्या तेजासमोर उभे आहेत, त्यामुळे आवाज रुंद आणि स्थिर आहे. ‘सुरत पिया की’ ही रागमाला तिसरी. राग बदलतो तिथे ते नव्या रागाचा ओळखीचा स्वर आधी ठसवतात आणि मगच पुढे सरकतात. ‘घेई छंद मकरंद’ शेवटी ठेवा. एकाच कवितेला अभिषेकींनी दोन चाली दिल्या, एक पंडितजींच्या गायकीची आणि दुसरी खाँसाहेबांच्या. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या की चाल म्हणजेच पात्र, हे कानाला कळतं.

यावर उतारा म्हणून भावगीतं ऐका: श्रीनिवास खळ्यांचं ‘बगळ्यांची माळ फुले’ आणि यशवंत देवांचं ‘कुणी जाल का सांगाल का’. एवढा तयार गळा तिथे किती कमी करतो ते पाहा. आणि ‘अष्टविनायक’मधलं ‘दाटून कंठ येतो’ पडद्यावर जरूर बघा.

एक सावधगिरी. 2015 च्या ‘कट्यार’ चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगांवकरांनी केले आणि आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. काम उत्तम आहे, पण रंगमंचावर गाता गाता अभिनय कसा करायचा याचा पुरावा त्यात मिळणार नाही, कारण चेहरा एकाचा आणि श्वास दुसऱ्याचा. राहुल यांनी पुनरुज्जीवित नाटकात स्वतः ही भूमिका केली आहे, त्या प्रयोगाचं चित्रण मिळालं तर ते जास्त उपयोगी. 2022 चा ‘मी वसंतराव’ हा चरित्रपट आयुष्याचा अंदाज यावा म्हणून पाहा. तपशिलासाठी मात्र पडद्यावरच्या नाट्यरूपावर विसंबू नये.

आता तुमचा प्रवेश. पहिली चूक पट्टीत, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा त्यात, होते. रेकॉर्डवरची पट्टी तुमची नाही. पेटी वाजवता म्हणून चाचणी सोपी आहे: तासभर संवादांची मोठ्याने तालीम करा, पाणी प्या आणि लगेच पदातला सर्वांत वरचा स्वर ‘आ’कारात चार मात्रा धरून बघा. गळा आवळला किंवा स्वर खाली बसला तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवा आणि पुन्हा बघा. सकाळी ताज्या गळ्याने ठरवलेली पट्टी दुसऱ्या अंकात हमखास दगा देते. खालचा षड्ज (सा) ऐकू येईनासा झाला तर मात्र जास्त उतरलात असं समजा.

दुसरी चूक लांबीची. वसंतरावांचा विस्तार करायला जाऊ नका. मुखडा (पदाची पहिली ओळ) दोनदा, स्थायीत (पहिल्या भागात) दोन छोटे आलाप, अंतरा (दुसरा भाग), दोन ताना, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन मुखड्यावर परत. चार मिनिटांत पद संपलं पाहिजे. तान घेण्याआधी दिग्दर्शकाला एक प्रश्न विचारा: या क्षणी खाँसाहेबांना ती का घ्यावीशी वाटते? उत्तर नसेल तर तान गाळा. वसंतरावांच्या ताना उसन्या आणून ठिकठिकाणी डकवल्या की प्रेक्षक टाळ्या देतात, पण पात्र तिथेच हातचं जातं.

तालमीचा क्रम असा ठेवा. पहिले काही दिवस पदाचे शब्द नुसते बोला, गद्य संवादासारखे, हालचालींसकट. मग तबल्याशिवाय, फक्त तंबोऱ्यावर, अर्ध्या लयीत गा. ठेका त्यानंतर. ठेका लवकर आणला की समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) काळजी लागते आणि डोळे समोरच्या नटावरून उडून तबलजीकडे जातात. शेवटी, पदाआधीची पाच-सहा वाक्यं आणि पद यांचा एकच तुकडा करून तोच पुन्हापुन्हा करा. खरी गोम या सांध्यात आहे. संतापाचा संवाद घशातून ओरडून म्हटला की पुढचा पहिला षड्ज चढा लागतो किंवा घोगरा निघतो. म्हणून शेवटचं वाक्य पोटातून श्वास देऊन, थोडं खालच्या आवाजात आणि जमल्यास षड्जाच्या आसपास संपवा. ऑर्गनवाल्याने दोन वाक्यं आधीच हलका सूर भरायला सुरुवात करावी. पद सुरू होताना सूर शोधणारा नट लगेच ओळखू येतो.

उच्चारांकडे दुर्लक्ष करू नका. खाँसाहेबांच्या तोंडी ख़, ग़, ज़, फ़ स्वच्छ हवेत, पण तेवढ्यासाठी सगळं बोलणं फिल्मी उर्दू करू नका. आणि बैठक: उभं राहून गायचं की बसून हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. धावत येऊन लगेच मांडी घालून गायला बसलं तर पोट दुमडतं आणि श्वास अर्धा होतो. मध्ये एखादं मूक काम ठेवा, शाल सावरणं वगैरे, म्हणजे दोन श्वास मिळतात.

तांत्रिक बाजूही बघा. कॉलरला लावलेला माइक छातीवर हात नेला की खरखरतो आणि तानेच्या वेळी मान वळवली की आवाज गळतो. तुमच्या हातवाऱ्यांची तालीम माइक लावूनच करा. दिव्यांच्या उष्णतेने तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणते आणि सूर चढतो, दमट हवेत उतरतो. पेटी आणि ऑर्गन जागच्या जागी राहतात, म्हणून प्रवेशाआधी तबला पुन्हा सुरात मिळवून घ्या. तबलजीला तुमचा चेहरा दिसेल अशी जागा द्या, कारण रंगमंचावर थांबायचं की पुढे जायचं हे तुम्हीच ठरवणार आणि त्याने मागोमाग यायचं. ‘वन्स मोअर’ आला तर काय, तेही आधीच ठरवा. घ्यायचाच असेल तर फक्त अंतऱ्यापासून. अख्खं पद पुन्हा घेतलं तर पुढच्या संवादाचा ताण निघून जातो.

शेवटचं काम कागदी आहे आणि बहुतेक संस्था ते विसरतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, त्यामुळे या नाटकाची संहिता आणि संगीत दोन्ही अजून संरक्षित आहेत. एकच प्रवेश असला तरी संहितेची परवानगी वेगळी आणि चालींची वेगळी मागा, लेखी घ्या, आणि जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागेल का हे सभागृह ठरवण्याआधीच विचारून घ्या.