श्टुटगार्टला निघण्यापूर्वी: मैत्रिणी, जोडीदार आणि आपण स्वतः

तुमचे प्रश्न मी दोनदा वाचले. तुम्ही २८ वर्षांच्या आहात, चाकणच्या एका कंपनीत वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करता, श्टुटगार्टमधली नोकरी पक्की झाली आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस निघायचे आहे. पगार, घरभाडे आणि विमा यांची माहिती तुम्ही मिळवलेलीच आहे. उरलेले प्रश्न तीन: तिथे खऱ्या मैत्रिणी मिळतात का, घरचे म्हणतात त्याप्रमाणे निघण्याआधी लग्न उरकून घ्यावे का, आणि पाच-दहा वर्षांनी माणूस आपला आपल्याला ओळखू येतो का. मी मूळची साताऱ्याची आणि गेली अकरा वर्षे याच शहरात राहते, म्हणून उत्तर या शहरापुरते आणि माझ्या अनुभवापुरते देते. बर्लिनमध्ये राहणारी एखादी बाई यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

तिन्ही प्रश्नांची मुळे मला एकाच ठिकाणी सापडली, आणि ते ठिकाण म्हणजे भाषा. तुमच्या विभागाचे काम इंग्रजीत चालेल आणि पहिल्या महिन्यात जर्मनवाचून काही अडते आहे असे तुम्हाला जाणवणारही नाही. अडते ते दुपारच्या जेवणाला. टेबलावरचे सहकारी तुमच्यासाठी म्हणून इंग्रजीत सुरुवात करतात, दहा मिनिटांनी कोणीतरी एक किस्सा सांगू लागतो, तो जर्मनवरून थेट इथल्या श्वाबिश बोलीवर घसरतो, सगळे हसतात आणि तुम्ही ताटाकडे पाहत राहता. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. सुट्टीच्या अर्ध्या तासात माणूस आपल्या भाषेकडे वळणारच, आपणही तेच करतो. पण असे दीड-दोन वर्षे चालले की लोकांच्या मनात तुमचे एक चित्र पक्के होते: शांत, नम्र, कामाला चोख. मराठीत मी वाद घालणारी, चिडवणारी, चार माणसांत बिनधास्त बोलणारी आहे. जर्मनमध्ये मी दोन वर्षे फक्त ‘छान आहे’ आणि ‘धन्यवाद’ एवढेच म्हणत होते. मैत्री होत नाही याचा दोष मी तेव्हा लोकांच्या थंडपणाला दिला. आज वाटते, ज्या बाईशी त्यांची मैत्री व्हायची ती त्यांना अजून भेटलेलीच नव्हती.

इथल्या माणसांबद्दल मत बनवण्याआधी त्यांचे शब्द समजून घ्या. आपण वर्गातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या सगळ्यांनाच मित्र-मैत्रीण म्हणतो. जर्मनमध्ये ‘फ्रॉइंडिन’ हा शब्द दोन-चार जणींसाठी राखलेला असतो आणि बाकीच्या सगळ्या ‘बेकांटे’, म्हणजे ओळखीच्या. पाच वर्षे शेजारच्या टेबलावर बसणारी बाई तुमची ओळख ‘माझी सहकारी’ अशी करून देईल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. ‘झी’ आणि ‘डू’ यांतला फरक आपल्याला ‘तुम्ही’ आणि ‘तू’मुळे चटकन कळतो, पण ‘झी’वरून ‘डू’वर कधी यायचे हे वयाने मोठ्या व्यक्तीने ठरवायचे असते आणि ते उघडपणे, ठरवून केले जाते. कौतुकाचेही तसेच. ‘रागावले नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले’ अशा अर्थाची एक म्हणच श्वाबिश लोकांत आहे. तुमचा साहेब काहीच बोलला नाही तर तो बहुधा समाधानी आहे.

आमच्या इमारतीत केअरवोखेची पद्धत आहे, जी तुम्हाला या भागात बऱ्याच ठिकाणी दिसेल. ज्या घराच्या दारावर ती छोटी पाटी लटकवलेली असेल त्या घराने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा, आणि मग पाटी पुढच्या दारावर नेऊन लावायची. माझी पहिली पाळी झाली त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई, तेव्हा सत्तरीच्या, वर आल्या, त्यांनी मला जिन्यापाशी नेले आणि कठड्याखालच्या कोपऱ्यातली धूळ बोटाने दाखवली. मी खोलीत येऊन रडले. पुढची चार वर्षे आम्ही एकमेकींना ‘झी’ म्हणत होतो. माझे जर्मन सुधारत गेले तशी जिन्यातली बोलणी लांबत गेली: त्यांच्या गुडघ्याचे दुखणे, माझ्या आईचे ऑपरेशन, प्लमचा केक करताना कणीक किती वेळ झाकून ठेवायची. एका रविवारी त्यांनी मला कॉफीला बोलावले, केक कापण्याआधी हात पुढे केला आणि स्वतःचे पहिले नाव सांगितले. ‘आता तू म्हण,’ एवढेच. त्यानंतर माझी आई इकडे आली तेव्हा मी ऑफिसात असताना तिला भाजीबाजारात घेऊन जाणाऱ्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना तासन्‌तास शेजारी बसणाऱ्या त्याच होत्या. आपल्याकडे पहिल्या भेटीत चहा आणि दुसऱ्या भेटीत घरातली भांडणे सांगून होतात, त्या मानाने ही वाट फार लांब आहे. पण एकदा इथवर पोचलेली मैत्री शहर बदलले, मूल झाले, नोकरी गेली तरी सुटत नाही, हे मी पाहिले आहे.

मग ही वाट सुरू कुठून करायची? माझे उत्तर स्पष्ट आहे: फेराइनपासून. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ, आणि या देशात गाण्यापासून नेमबाजीपर्यंत कशाचेही फेराइन असते. मी श्वेबिशर आल्बफेराइन या १८८८ साली स्थापन झालेल्या डोंगरभटक्यांच्या मंडळात नाव घातले, कारण सह्याद्रीत भटकण्याची सवय होती आणि रविवारी इथे दुकाने बंद असतात. पहिल्या सहा-सात फेऱ्यांत माझ्याशी फारसे कोणी बोलले नाही. तरी मी जात राहिले, पाठपिशवीत पाव, चीज आणि थोडी शेंगदाण्याची चटणी घेऊन. आठव्या की नवव्या वेळी एका बाईने विचारले, ‘गेल्या महिन्यात तू आली नव्हतीस, बरी आहेस ना?’ माझी अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात आली होती आणि त्या दिवशी मला या शहरात पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असे वाटले. त्यामुळे माझा आग्रह असा की तुम्हाला मनापासून आवडेल असे एकच काही निवडा, आणि निदान वर्षभर तो वार चुकवू नका. नव्या आलेल्यांसाठीच्या मेळाव्यांत पंधरा दिवसांत पन्नास चेहरे भेटतात, पण त्यातले बहुतेक जण दोन वर्षांत दुसऱ्या शहरात गेलेले असतात.

छोट्या रिवाजांत वेळ घालवत नाही, तीनच सांगते. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात. आणि तुमच्या वाढदिवसाला केक तुम्हीच न्यायचा असतो, कोणी आणला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. भेट ठरवायला तीन आठवडे पुढची तारीख मिळाली तर तीही टाळाटाळ समजू नका.

मराठी माणसांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मला लिहिलेच पाहिजे. इथे गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो, दिवाळी अंक हातोहात फिरतात. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत आणि दर उन्हाळ्यात भारतीय चित्रपटांचा एक महोत्सव भरतो, जिथे मी माझ्या डोंगरभटक्या मैत्रिणींना आवर्जून नेते. आजारपणात रात्री अकरा वाजता खिचडीचा डबा घेऊन दार वाजवणारी मराठी माणसेच होती, हे मी विसरणार नाही. तरीही शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तिन्ही दिवशी फक्त आपल्याच माणसांत राहिल्यास पाच वर्षांनी शहर खिडकीबाहेरच राहते. माझ्या परिचयातली अशी काही घरे आहेत. ती दुःखी नाहीत, पण मूल शाळेत जाऊ लागते आणि पालकसभेला आईबापांना काहीच बोलता येत नाही, तेव्हा त्यांना ते लागते.

आता लग्नाचा विषय. घरचे म्हणतात म्हणून तीन आठवड्यांच्या रजेत लग्न उरकू नका, असे माझे मत आहे, आणि ते मी मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सांगते. तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीच्या निवास-परवान्यावर, येणार असाल तर पती किंवा पत्नीला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्याबरोबर नोकरी करण्याची मुभा असते. कागदावर सगळे सोपे आहे. पण पुण्यात स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस नोव्हेंबरमध्ये इथे उतरतो, पुढच्याच महिन्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळू लागतो, जोडीदार दिवसभर ऑफिसात, भाषा येत नाही, आणि ज्या व्यक्तीसाठी हे सगळे केले तिची ओळख जेमतेम तीन महिन्यांची. एका घरातली ही घुसमट मी फार जवळून पाहिली. ते दोघेही चांगले होते, पण एकाच माणसावर मैत्रीण, नवरा, दुभाषा आणि माहेर या सगळ्यांचा भार पडला आणि तो त्याला पेलला नाही. लग्न ठरले असेल, एकमेकांची ओळख असेल तर जरूर करा. फक्त येणाऱ्याला येण्याआधीच भाषा शिकू द्या.

इथेच कोणी भेटले तर काय, हा तुमचा खरा प्रश्न असावा असे वाटते. पहिली सूचना एका शब्दाची. ‘माइन फ्रॉइंड’ म्हणजे ‘माझा प्रियकर’; नुसता मित्र सांगायचा असेल तर ‘माझ्या मित्रांपैकी एक’ अशी रचना करावी लागते. मी एका सहकाऱ्याबद्दल पहिला शब्द वापरला आणि तो कित्येक दिवस माझ्यापासून लांब राहिला. नाते इथे हळू पुढे सरकते, लग्नाआधी एकत्र राहणे अगदी सामान्य मानले जाते, आणि बिल वेगवेगळे भरण्यात कोणताही अर्थ दडलेला नसतो. त्याने पैसे दिले नाहीत म्हणजे त्याला तुम्ही आवडत नाही, असे गणित मांडू नका.

माझे पहिले नाते इंग्रजीत होते आणि ते तीन वर्षांनी संपले. आम्हा दोघांनाही इंग्रजी उत्तम येत होते, तरी ती कोणाचीच घरची भाषा नव्हती. नाताळात त्याच्या आईवडिलांकडे तीन दिवस राहायचे, तेव्हा तो दर वाक्याचे भाषांतर करून थकायचा आणि मी दर वाक्याची वाट पाहून. तो माणूस वाईट नव्हता. मी त्याच्या घरात कायम पाहुणीच राहिले आणि त्याने माझे मराठी रूप कधी पाहिलेच नाही. माझा नवरा मला पुढे डोंगरभटकंतीतच भेटला, तोवर माझ्या जर्मनमध्ये भांडण्याइतके बळ आले होते, आणि आमचे पहिले भांडण मी जर्मनमध्ये जिंकले तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो आता थोडे मराठी बोलतो. साताऱ्याहून निघताना उंबऱ्यावर उभे राहून ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे असते, हे त्याला माझ्या आजीने शिकवले. आता तो रोज सकाळी कामावर निघतानाही तेच म्हणतो.

अशा लग्नाला कागद फार लागतात. इथे कायद्याने लग्न होते ते श्टांडेसाम्ट या नोंदणी कार्यालयातच. परदेशी व्यक्तीकडे विवाहक्षमतेचे, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचे, प्रमाणपत्र मागतात. भारत ते देत नाही, म्हणून त्यातून सूट मिळवण्याचा अर्ज प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जातो. भारतातल्या कागदांवरचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरण्यासाठीचा सरकारी शिक्का, जर्मनीत चालत नाही आणि दाखल्यांची पडताळणी जर्मन वकिलातीमार्फत भारतात होते. आम्हाला नऊ महिने लागले. अनेक जोडपी याला कंटाळून डेन्मार्कमध्ये जाऊन लग्न करतात. लग्न मनात असो वा नसो, निघण्याआधी नगरपालिकेकडून जन्मदाखला काढून घ्या आणि त्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळते की नाही ते तपासा.

नावाचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या प्रश्नाकडे येते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव बहुधा एकाच रकान्यात असते, आणि इथल्या नोंदणीत ती दोन्ही तुमचीच पहिली नावे होतात. दवाखान्यात परिचारिकेने प्रतीक्षागृहात येऊन माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, तेव्हा ते जाऊन एक वर्षही झाले नव्हते. मी उठले आणि आत गेले. ते नाव मी पुढे कधी काढून टाकले नाही.

तुम्ही बदलाल, हे निश्चित. मी वक्तशीर झाले, ‘नाही’ सरळ म्हणू लागले, आणि साताऱ्यात मावशीला ते उद्धटपणाचे वाटले. घरच्यांना तो बदल समजावून सांगावा लागतो, आणि तो फोनवर सांगता येत नाही. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. आपण कामावरून सुटेपर्यंत तिकडे निजानीज झालेली असते. मी रविवारची सकाळ दोन बालमैत्रिणींसाठी राखून ठेवली आहे आणि ती अकरा वर्षे पाळली. माझ्यातला जो भाग जर्मनमध्ये उतरत नाही तो त्यांच्यापाशी आहे.

नागरिकत्वाचा निर्णय तुम्हाला काही वर्षांनी घ्यावा लागेल. २७ जून २०२४ पासून जर्मनी पाच वर्षांनी नागरिकत्व देते आणि जुने सोडायला सांगत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट परत करावा लागतो. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात येणे-राहणे होते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरात ही गोष्ट फार मोठी असते. मी अजून अर्ज केलेला नाही. माझ्या नवऱ्याला कारण विचारल्यावर मी एकदा पाऊण तास बोलले आणि तरी ते पूर्ण सांगून झाले नाही.

आता तुमच्या हातातले काही महिने. पुण्यात माक्स म्युलर भवनचे जर्मन भाषेचे वर्ग आहेत. निघेपर्यंत जितक्या पातळ्या पार होतील तितक्या करा, आणि ऑफिसनंतर दमल्या असलात तरी वर्गात बोला, नुसत्या ऐकत बसू नका. इथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात पत्त्याची नोंदणी झाली की रोटेब्यूलप्लाट्स चौकातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणसंस्थेत, जाऊन संध्याकाळच्या वर्गात नाव घाला. शरदातले वर्ग त्याच सुमारास सुरू होतात. रविवारी मोकळ्या असाल तर मला कळवा. ऑक्टोबरमध्ये आमची फेरी द्राक्षमळ्यांतून जाते, चढ फारसा नाही, आणि बुटांचा जोड मात्र पुण्याहूनच पायात रुळवून आणा.