माईक बंद करून नुसते ओठ हलवते, हे चालतं का ताई?

पत्र: "ताई, जय ख्रिस्त. मी विक्रोळीला राहते, वय ३४. कॉलेजपासून मंडळीच्या (चर्चच्या) वर्शिप टीममध्ये गाते. मार्चमध्ये माझी धाकटी बहीण कॅन्सरने गेली. ती ॲडमिट होती तेव्हा आम्ही घरी रात्रभर स्तुती-आराधना ठेवली होती, स्तुतीने बेड्या तुटतात असं पास्टर म्हणाले होते. नर्सने अकरा वाजेपर्यंत फोन तिच्या कानाशी धरला. पहाटे ती गेली. आता स्टेजवर उभी राहिले की आवाजच फुटत नाही. माईकचं बटण बंद करते आणि ओठ हलवते. साऊंडवाल्या मुलाला कळलंय पण तो कुणाला बोलला नाही. लीडर म्हणते सैतानाने तुझी स्तुती चोरलीये, जबरदस्तीने गा, ब्रेकथ्रू येईल. आई म्हणते देवाला प्रश्न विचारू नये, आणि दिवसभर मोबाईलवर गाणी लावून बसते, मला ऐकवत नाही. झोप उडालीये. स्तुतीत खरंच ताकद असते का? मग त्या रात्री कुठे गेली होती? टीम सोडू का?"

जय ख्रिस्त गं. आधी शेवटचं बोलते, कारण रविवार तोंडावर आलाय. टीम सोडू नकोस, पण स्टेजवरून उतर. खाली खुर्चीत बस, मागच्या रांगेत बसलीस तरी चालेल. लीडरला दोन ओळींचा मेसेज टाक, की बहीण गेल्यापासून मला गाता येत नाहीये, थोडे महिने मी खाली बसणार आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. बास. कारणं देत बसू नकोस, एक कारण दिलं की त्यावर चार वचनं येतात. आणि तो साऊंडवाला मुलगा मला तुझ्या पत्रात सगळ्यात आवडला बघ, त्याला कधीतरी थँक्यू म्हण.

आता ताकदीचं. मी मानते की स्तुतीत ताकद असते, अगदी मनापासून मानते, पण ती कशी असते यावरून आपल्याकडे फार गोंधळ घातलाय. स्तुती म्हणजे काही चाळीतला नळ नाही की पाणी येत नाही म्हणून अजून जोरात पिळायचा. "बेड्या तुटतात" हे लोक बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायातून घेतात, फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते, भूकंप झाला, दारं उघडली, खरंय. पण पुढे वाच ना, दारं उघडल्यावर ते दोघं पळालेच नाहीत! तिथेच बसून राहिले, तुरुंगाधिकाऱ्याला जीव देण्यापासून थांबवलं. म्हणजे सुटायचं म्हणून ते गातच नव्हते, फटके खाऊन पाय खोड्यात अडकलेले असताना त्यांचा देव अजून त्यांचाच होता म्हणून गात होते. आणि चारच अध्याय मागे जा, १२व्यात, हेरोदाने योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारलं आणि पेत्राला मात्र देवदूताने बाहेर काढलं. मंडळी तीच, देव तोच. याकोबासाठी कुणी गुडघे टेकले नसतील असं मला तरी वाटत नाही. त्याच्या घरच्यांना कुणी "तुमची स्तुती कमी पडली" म्हटल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

दुसरं, यहोशाफाट राजाची गोष्ट, तुझी लीडर ती हमखास सांगत असणार, सैन्याच्या पुढे गाणारे लावले आणि शत्रू आपसातच कापून मेले. २ इतिहास, अध्याय २०. पण तो अध्याय सुरू कसा होतो? राजा घाबरलाय, उपवास पुकारलाय, आणि सगळ्यांसमोर सरळ सांगतो की आम्हाला काय करावं सुचत नाही, फक्त डोळे तुझ्याकडे लागलेत. देवाने शब्द दिला तो तेव्हा, गाणारे पुढे निघायच्या आधी. त्यांच्या गाण्याने देव तयार झाला असं नाही, तो आधीच बोलला होता म्हणून ते गायले. आणि त्याच अध्यायात मोठ्याने स्तुती करायला उभे राहणाऱ्यांमध्ये कोरहाच्या घराण्यातले लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, आहेत. आता स्तोत्र ८८ काढ आणि वर नाव कुणाचं आहे बघ, कोरहाच्या पुत्रांचं! पूर्ण स्तोत्रात एक हालेलुया नाही, तू मला का टाकलंस म्हणून विचारतं आणि अंधारातच संपतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं गं. एकाच घराण्याची गाणारी माणसं, एका दिवशी मोठ्याने स्तुती आणि एखाद्या दिवशी हे. दोन्ही शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडून टाकलेलं नाही. तेव्हा देवाला प्रश्न विचारू नये असं आई म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नकोस, रात्री तिच्याजवळ बसून हे स्तोत्र मोठ्याने वाच. मराठी माणसाला तर हे नवीन असायलाच नको, तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले आहेत, आणि आपले ना. वा. टिळक, १८९५ साली इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, ते याच अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्तापर्यंत आले. आपल्या जुन्या गीतांत त्यांची किती आहेत, त्यात रडायला भरपूर जागा आहे. नव्या कोरसांत ती मला कमी दिसते, चार ओळी आणि वीस वेळा विजय विजय, बरं असो, हे माझं वैयक्तिक मत.

"स्तुतीचा यज्ञ" असं कुणी म्हणेलच, इब्री १३ काढून. यज्ञ स्वतःहून द्यायचा असतो, दुसऱ्याच्या गळ्यातून ओढून काढायचा नसतो. आणि याकोबाच्या पत्रात (हा वरचा तलवारीने मारलेला याकोब नव्हे), ५:१३ ला, स्पष्ट लिहिलंय, कुणी दुःखात असेल तर त्याने प्रार्थना करावी, कुणी आनंदात असेल तर त्याने स्तोत्रं गावी. दुःखातल्याला गाच म्हणून धरलेलं नाही. रोमकरांसच्या १२व्यात तर जबाबदारी उलट बाकीच्यांवर टाकलीये, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.

मग त्या रात्री ताकद कुठे होती? का बरी झाली नाही ते मला माहीत नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण अकरा वाजेपर्यंत तिच्या कानाशी तुमचे आवाज होते. फिलिप्पैत त्या दोघांच्या गाण्याबरोबर अजून एक गोष्ट लिहिलीये, बाकीचे बंदिवान ऐकत होते. तेवढंच, ऐकत होते. त्या रात्री तुझी बहीण ऐकणाऱ्यांत होती आणि गाणारी तू होतीस. आता तू ऐकणाऱ्यांत आहेस. मंडळी म्हणून गायचं असतं ते याचसाठी, की एकाचा आवाज गेला तरी गाणं थांबत नाही, बाकीचे तुझ्या वाटचंही गातात. मागच्या रांगेत बसून रड, उठून बाहेर जा, एखादी ओळ आपोआप तोंडात आली तर येऊ दे, नाही आली तरी तुझी उपासना झालीच.

आईच्या मोबाईलचं एवढंच, तिचंही लेकरू गेलंय आणि तिला शांतता सोसत नसेल. तिला इअरफोन आणून दे, भांडून गाणी बंद करू नकोस.

आणि झोप. मार्चपासून धड झोप नसेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, पास्टरांना सांगितलंस तरी डॉक्टरांना वेगळं सांगायचं. जवळच्या जनरल फिजिशियनपासून सुरुवात कर, ते पुढे कुठे पाठवायचं ते बघतील. अगदीच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलतात. गोळी लिहून दिली तर घे. विश्वास कमी आहे म्हणून गोळी लागली असं कुणी म्हणालं तर त्यांच्या बीपीच्या गोळीची चौकशी कर.