वधस्तंभासमोर बसताना

सलाम भावा, वधस्तंभासमोर, म्हणजे येशूच्या क्रूसासमोर, प्रार्थनेला बसून डोळे मिटले की डोकं रिकामं होतं, मग काय बोलायचं असं विचारलंस ना, तर आधी काहीच बोलू नको की! मी पहिल्या वर्षी मिरजेत उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) 12 ते 3 च्या उपासनेला रडू यावं म्हणून जोर लावत बसलो, आणि आली ती झोप, बाहेर ऊन आणि वर पंख्याची घरघर.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या कथेचा, 15 वा अध्याय काढ, 47 वचनं आहेत, मोठ्यानं वाचलास तरी दहा मिनिटांत होतोय. 21 व्या वचनाला थांब. कुरेनेकर शिमोन शेतावरनं येत होता बिचारा, शिपायांनी वेठीला धरून येशूचा वधस्तंभ उचलायला लावला. त्याचं एक वाक्यही लिहिलेलं नाही, फक्त पोरांची नावं, आलेक्सांद्र आणि रूफ. मला तर दरवेळी उसाच्या फडातनं घरी निघालेला आपल्याकडचाच माणूस दिसतो, पायाला चिखल, खांद्याला आधीच रग लागलेली. ते लाकूड घेताना त्याला येशूचं तोंड दिसलं असेल का? तिथंच बस जरा वेळ.

येशूनं वधस्तंभावरनं काढलेले सात उद्गार एका दिवसात उरकू नकोस, ते एका शुभवर्तमानात मिळतच नाहीत, लूक आणि योहानात तीन-तीन, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा मत्तय आणि मार्कात. ती बायबलातल्याच 22 व्या स्तोत्राची सुरुवात आहे, तेपण पूर्ण वाच. देवावर राग असला तर तो बोल, चालतंय. आणि मोबाईल घरी ठेव बाबा, ॲपवर वचन काढलं की मधेच ग्रुपवर कुणीतरी फुलांचे फोटो टाकतंयच.