खाणीतल्या पणजोबांचा माग

पणजोबा तेलंगणातल्या येल्लंदूच्या कोळसा खाणीतून सोलापूरला आले, एवढंच ठाऊक आहे म्हणालास. पुष्कळ आहे ते. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींजवळ बस. त्या तेलुगूत बोलल्या तर तसंच लिहून घे. घाईनं मराठी केलंस की गावाचं नाव हातचं जातं.

नावाची गोम नीट ओळख. तेलुगूत इंटिपेरू, म्हणजे घराण्याचं नाव, आधी लागतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू वस्तीत, शाळेच्या, गिरणीच्या कागदांवर ते शेवटी गेलं. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर तर त्याची दोनच अक्षरं उरली होती. त्या फिक्या शाईवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. म्हणून नाव दोन्ही क्रमांनी शोध.

खाणीच्या कंपनीला सिंगरेणी हे नाव १९२० साली मिळालं, त्याआधी ती हैदराबाद (डेक्कन) कंपनी होती. मुलूख निजामाचा, त्यामुळे जुने महसुली कागद बहुतेक उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली वर्षाचं. इसवी सन काढायला त्यात ५९० मिळव: फसली १३३० म्हणजे १९२०-२१. हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जाशील तेव्हा उर्दू वाचणारं माणूस सोबत ने.